पुढची पायरी कोणाची?

पावसाळ्यातली एक अंगणवाडी. पत्र्यावरून येणारी पागोळी दाराशी पडत होती. आत ताई बडबडगीत घेत होत्या, वीसेक मुलं सतरंजीवर गोल करून बसली होती आणि साडेतीन-चार वर्षांचा एक मुलगा उंबऱ्याशी उकिडवा बसून पागोळीखाली आपल्या डब्याचं झाकण धरत होता. झाकण भरलं की ओतून टाकायचा. थोड्या वेळाने त्याने झाकण बाजूला ठेवून डबाच धरला. रिकाम्या डब्यात थेंब टणटण वाजत होते. तळाशी पाणी साचलं तसा आवाज बदलला. तो वाकला, कान डब्याजवळ नेला, मग डबा पालथा करून पुन्हा पागोळीखाली धरला. दोन गाणी संपून तिसरं सुरू झालं तरी त्याचं हे चालूच होतं. ताईंनी दोनदा हाक मारली. शेवटी मदतनीस मावशींनी दंडाला धरून त्याला आत आणून बसवलं. त्या दिवशी नोंदवहीत त्याच्या नावापुढे ओळ पडली, ‘पाण्यात खेळतो. गाण्यात लक्ष नाही.’ शेजारी ‘पुढील नियोजन’ असा रकाना होता. त्यात लिहिलं होतं, ‘लक्ष देऊन बसण्याची सवय लावणे.’

त्या ताई मन लावून काम करणाऱ्या होत्या. मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत होती, एकेकाच्या घरची परिस्थिती त्यांना तोंडपाठ होती. नोंद अशीच लिहायची असते हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलेलं होतं, आणि अशी प्रशिक्षणं मी स्वतः वर्षानुवर्षं घेत आले आहे. म्हणून हा लेख ताईंना उद्देशून नाही. रकाने आखणाऱ्यांना, ते तपासणाऱ्यांना आणि घरी बसून प्रगतिपत्रक वाचणाऱ्या आईवडिलांना उद्देशून आहे.

‘पाण्यात खेळतो’ हे खोटं नाही. पण त्या मुलाने केलेलं जवळजवळ काहीच त्यात उतरलेलं नाही. त्याने झाकण सोडून डबा का घेतला? आवाज बदलल्यावर कान जवळ का नेला? डबा अर्धा भरायच्या आतच का ओतला? कदाचित तो आवाजाच्या मागे होता आणि रिकाम्या डब्याचा टणत्कार पुन्हा ऐकण्यासाठी ओतत होता. कदाचित त्याला भरण्या-ओतण्याचीच गोडी लागली होती. या वयाची मुलं एखाद्या हालचालीचा असा ध्यास घेतात. कोणी सगळं गुंडाळून ठेवतं, कोणी एका जागेचं सामान दुसऱ्या जागी नेत राहतं, कोणी दिवसभर फिरणाऱ्या वस्तूंच्या मागे असतं. इंग्लंडमधल्या ख्रिस अ‍ॅथी यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मुलांच्या अशा वारंवार होणाऱ्या कृतींचा बारकाईने अभ्यास मांडला आहे. आपल्या आज्या हे पुस्तकाशिवाय ओळखत होत्या. ‘सध्या त्याला डबे उघडायचं वेड लागलंय’ असं म्हणत त्या दोन रिकामे डबे नातवापुढे सरकवायच्या.

त्या मुलाच्या मनात यातलं नेमकं काय चाललं होतं, हे त्या दिवशी मलाही सांगता आलं नसतं. शोधून काढायची वाट मात्र सोपी होती. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी स्टीलची वाटी, प्लास्टिकचा डबा, एक करवंटी आणि पत्र्याचा एखादा डबा ठेवायचा आणि पाच मिनिटं पाहायचं. तो एकेकावर थेंब पाडून ऐकतो का? मग तो आवाजाच्या मागे आहे. परवाच्या गाण्याला त्याच्या हातात दोन करवंट्या द्याव्यात, तो आपण होऊन सतरंजीवर येण्याची शक्यता आहे. की तो एकातलं पाणी दुसऱ्यात ओततो, सांडतं ते बघतो, पुन्हा ओततो? मग त्याला नरसाळं, गाळणी, लहानमोठे पेले हवेत. तिसरंच काही निघालं तर नोंद बदलायची. हे सगळं मिळून पुढचं नियोजन झालं. त्यात मुलाने काय शिकावं याबद्दल एक शब्दही नाही. ताईंनी उद्या काय ठेवायचं, कुठे ठेवायचं आणि काय पाहायचं, एवढंच आहे.

माझं म्हणणं इतकंच आहे. निरीक्षणातून जी पुढची पायरी निघते ती मोठ्या माणसाने चढायची असते. आपण ती मुलावर ढकलतो आणि तिथेच सगळं बिघडतं.

आपल्या नोंदींची भाषाच पाहा. ‘सवय लावणे.’ ‘ओळख करून देणे.’ ‘रंग ओळखण्याचा सराव घेणे.’ सरकारी मराठीतलं हे ‘णे’ने संपणारं क्रियापद कर्त्याला वाक्याबाहेर ठेवतं. कोणी लावायची? कधी? कशाच्या मदतीने? वाक्यात करणारा नसला की करण्याची जबाबदारीही कोणाची उरत नाही, आणि वाक्यात नाव एकट्या मुलाचं असल्यामुळे कमतरता आपोआप त्याच्या खात्यावर जमा होते. मी प्रशिक्षणात हल्ली एक साधी गोष्ट करून घेते. ‘पुढील नियोजन’ या रकान्यातलं प्रत्येक वाक्य ‘मी उद्या’ या दोन शब्दांनी सुरू करायचं. ‘मी उद्या लक्ष देऊन बसण्याची सवय लावीन’ असं लिहिताना पेन अडखळतं, कारण असं काही उद्यात होत नसतं. ‘मी उद्या दाराशी चार भांडी ठेवीन’ हे सहज लिहून होतं.

गंमत अशी की याच अंगणवाडीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हे सगळं आपण बरोबर करतो. तिथे वजनकाटा आहे. वाढीच्या आलेखावर हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे असतात. मुलाचं वजन हिरव्यातून पिवळ्यात उतरलं की ताई घरी जातात, आई शेतावर किती वाजता जाते, बाळाला भरवतं कोण, जुलाब झाले होते का, हे विचारतात. मूल तीव्र कुपोषित निघालं तर ग्राम बालविकास केंद्रात त्याला दिवसातून अनेकदा थोडं थोडं खायला देतात, तब्येतीची गुंतागुंत असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. या साखळीत खूप त्रुटी आहेत, मेळघाटातल्या आणि नंदुरबारमधल्या बालमृत्यूंनी त्या वारंवार दाखवल्या आहेत. पण तिचं तर्कशास्त्र निर्विवाद आहे. नारिंगी पट्ट्यातल्या मुलापुढे ‘वजन वाढवण्याची सवय लावणे’ असं कोणी लिहीत नाही. काट्याने जे सांगितलं त्यावरून मोठी माणसं आपलं वागणं बदलतात. ताट बदलतं, वेळ बदलते, भरवणारा हात बदलतो. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा वजन करून बघतात, बदल लागू पडला की नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून पोषणाबरोबर पूर्वशालेय शिक्षणही तिच्या सहा सेवांमध्ये आहे. पोटासाठी निरीक्षण ते कृती हा रस्ता आपण बांधला. खेळ, भाषा, कुतूहल यांच्यासाठी निरीक्षण ते रकाना इतकाच बांधला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं, पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला, अंगणवाड्यांसाठी ‘आधारशिला’ २०२४ मध्ये आली. या सगळ्यांत मुलाचं निरीक्षण करा, खेळातून शिकवा असं सांगितलं आहे आणि ते योग्यच आहे. पण या वयाच्या शिक्षणाचा अर्धा भाग आजच्या दुपारनंतर आणि उद्याच्या सकाळच्या आत घडतो. तेवढ्या वेळात काय व्हायचं याकडे कोणाचं लक्ष नाही.

निरीक्षणावरून मोठ्यांनी आपली पायरी ठरवायची, ही परंपरा आपल्याकडे नाही असंही नाही. उलट ‘अंगणवाडी’ हा शब्दच अशा एका निरीक्षणातून जन्मला आहे. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं करायला आल्या आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी आलो ती वस्तीवरची मुलं येत नाहीत, हे त्यांना दिसलं. पटावर गैरहजेरी मांडून, ‘पालकांमध्ये शिक्षणाविषयी उदासीनता’ असा शेरा लिहून त्यांना मोकळं होता आलं असतं. असा शेरा आपल्याकडे आजही पडतो. त्यांनी मुलं का येत नाहीत हे वस्तीवर जाऊन पाहिलं आणि शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा दिसलं की मोठी मुलं गुरं राखायला कुरणात जातात. मग कुरणात शाळा नेली, ती कुरणशाळा. थोरली मुलगी शाळेत येऊ शकत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं, हेही दिसलं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडीचा प्रयोग केला. मुलीने भावंडाला घेऊन यायचं, त्याला पाळणाघरात ठेवायचं आणि आपण वर्गात बसायचं. मोंटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती आणि तिथल्या मुलांच्या ओळखीचीही नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे साधनं झाली. यातल्या एकाही ठिकाणी मुलाला बदलायला सांगितलेलं नाही. जे दिसलं त्यावरून दोघींनी आपली पायरी ठरवली, ती चढून पाहिली आणि नंतर त्या पायरीला नाव दिलं.

भावनगरच्या दक्षिणामूर्तीत ताराबाई ज्यांच्याबरोबर काम करत होत्या, त्या गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मध्येही हेच आहे. गोष्ट चौथीच्या वर्गाची, आपल्या मुलांपेक्षा मोठ्या मुलांची आहे, पण पहिला दिवस आठवून पाहा. लक्ष्मीराम मास्तर मोठ्या उत्साहाने शांतीचा खेळ ठरवून येतात आणि तो पार फसतो, वर्गात गोंधळ माजतो. मास्तर घरी जाऊन विचार करतात आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतात. त्या एका रात्रीत जे घडलं त्याला आज आपण नियोजन म्हणतो. गिजुभाईंच्या मास्तरांना ते कोणत्याही नमुन्यात भरून द्यावं लागलं नव्हतं.

नमुन्याचा विषय निघालाच आहे, तर इंग्लंडची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ‘पुढची पायरी’ हा शब्दप्रयोग आपल्या प्रशिक्षणात तिथल्या साहित्यातून आला. तिथे २००८ साली जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक सक्तीचा आराखडा लागू झाला. त्यात शिकण्याची ६९ उद्दिष्टं होती. शिक्षिका चिकटचिठ्ठ्या आणि कॅमेरा घेऊन मुलांच्या मागे फिरू लागल्या, प्रत्येक मुलाची जाडजूड फाइल झाली आणि प्रत्येक नोंदीखाली पुढची पायरी लिहिणं हा शिरस्ता झाला. २०१२ मध्ये उद्दिष्टं १७ वर आणली. शेवटी २०२१ च्या सुधारित आराखड्यात सरकारला स्पष्ट लिहावं लागलं की मूल्यमापनापायी शिक्षिका बराच वेळ मुलांपासून दूर जाता कामा नये आणि पुराव्यांचे ढीग गोळा करण्याची गरज नाही. श्रीमंत देशाला कागदांतून मुलांकडे परत यायला तेरा वर्षं लागली. आपल्याकडे एका ताईंच्या पदरी इंग्लंडच्या शिक्षिकेपेक्षा कितीतरी जास्त मुलं आहेत. तीच चूक आपण केली तर ती आपल्याला कितीतरी पट महाग पडेल.

इथे मला जो प्रश्न हमखास विचारला जातो तो रास्त आहे. वेळ कुठून आणायचा? ताईंनी सकाळी मुलं गोळा करायची, आहार वाटायचा, गरोदर आणि स्तनदा मातांच्या भेटी घ्यायच्या, लसीकरणाच्या दिवशी सगळ्यांना जमवायचं, घरी न्यायचा आहार (टीएचआर) वाटताना लाभार्थ्याच्या चेहऱ्याची ओळख पटवायची, २०२१ पासून पोषण ट्रॅकर या अ‍ॅपमध्ये सगळं भरायचं, वर निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंत कोणतंही काम अंगावर घ्यायचं. तेही वेतनावर नाही, मानधनावर. २०२३ च्या डिसेंबरात राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा पन्नासहून अधिक दिवस त्या मागे हटल्या नाहीत, यावरून त्यांची दशा कळावी. तेव्हा पहिलं उत्तर शासनाने द्यायचं आहे. मुलांच्या वेळात ताईंच्या हातात मोबाइल नसावा. अंगणवाडी भरलेली असताना कोणतीही ऑनलाइन बैठक लावू नये. हे करायला पैसा लागत नाही.

दुसरं उत्तर असं, की रोज सगळ्या मुलांचं निरीक्षण करायचं नसतंच. दिवसाला दोन मुलं पुरेत. तीस मुलांची अंगणवाडी असेल तर तीन आठवड्यांत सगळी होतात आणि तेवढ्या काळात मुलांमध्ये पुष्कळ बदललेलंही असतं. प्रत्येकाची दोन-तीन वाक्यं, तीही विशेषणांशिवाय. ‘हट्टी’, ‘लाजाळू’, ‘मंद’, ‘हुशार’ हे शब्द एकदा वहीत शिरले की वर्षभर मुलाच्या आधी ते दिसतात. ‘ठोकळे ओळीने लावले, एक पडला तेव्हा सगळे पाडले आणि पुन्हा लावले’ हे लिहिलं की काम झालं. त्यात हट्टही आहे आणि चिकाटीही, निवड अजून कोणी केलेली नाही.

आणि तिसरं उत्तर दारातच उभं असतं. त्यांना आपण मावशी म्हणतो. मदतनीस सकाळी घरोघर जाऊन मुलं आणते, कोणाच्या घरात रात्री भांडण झालं हे तिला दारातच कळतं, कोणाला नवं भावंड झालंय, कोणाचा बाप ट्रकवर गेलाय, हे तिला ठाऊक असतं. खिचडी वाढताना कोण स्वतःच्या हाताने जेवतं, कोण शेजारच्याला घास देतं, कोण हात धुताना साबणाचे फुगे करत रेंगाळतं, हे तिच्याइतकं कोणी पाहत नाही. एका वाडीवरच्या मावशींनी मला सहज सांगितलं होतं, ‘ती पोर गाण्यात बोलत नाही, पण माझ्यासंगं येताना वाटेवरच्या सगळ्या कोंबड्यांना नावं ठेवलीत तिनं.’ वहीत त्या मुलीच्या नावापुढे ‘बोलत नाही’ असं होतं. कोंबड्यांची नावं वहीत कधी आलीच नव्हती, कारण मावशींना विचारायची पद्धत नव्हती. दुपारी मुलं गेल्यावर भांडी आवरताना ताई आणि मावशी दहा मिनिटं बोलल्या आणि उद्या कोणासाठी काय ठेवायचं हे ठरवलं, तर कोणत्याही अ‍ॅपपेक्षा जास्त काम होईल. मदतनीसाच्या कामाच्या यादीत स्वच्छता, स्वयंपाक, मुलं आणणं हे सगळं असतं. पाहणं आणि सांगणं हेही त्यात लिहून घालावं, आणि त्याचं मोलही धरावं.

‘बोलत नाही’ या नोंदीकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण महाराष्ट्रात ती फार मोठ्या संख्येने पडत असते आणि तिच्या मागे दोन अगदी निराळी कारणं असू शकतात. मेळघाटातलं मूल कोरकू बोलतं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं दूरचंही नातं नाही. गडचिरोलीत माडिया, नंदुरबारमध्ये भिली आणि पावरी, मुंबईच्या वस्तीत भोजपुरी. असं मूल मराठी अंगणवाडीत गप्प असतं तेव्हा ते बहुधा ऐकत असतं. इथे पुढची पायरी अशी, की ताईंनी त्याच्या आजीला किंवा मोठ्या बहिणीला बोलवावं आणि त्याच्या भाषेतले दहा-बारा शब्द शिकून घ्यावेत. पाणी, भूक, शू, आई, ये, बस, दे. उद्या सकाळी त्यातल्या एका शब्दाने त्याचं स्वागत करावं. ऊसतोडीच्या हंगामात बीडहून पश्चिम महाराष्ट्रात आलेलं मूलही असंच गप्प बसतं. त्याच्या वजनाची नोंद ट्रॅकरवरून त्याच्याबरोबर दुसऱ्या गावी जाऊ शकते. त्याला काय खेळायला आवडतं, कोणत्या गाण्याला ते नाचतं, हे मात्र मूळ गावच्या ताईंच्या मनातच राहतं. एक फोन केला तरी कळेल.

पण त्याच ‘बोलत नाही’च्या मागे दुसरंही कारण असू शकतं. मूल हाकेला वळत नसेल, दार आपटलं तरी दचकत नसेल, नजर देत नसेल, तर शब्द शिकत बसू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येईल तेव्हा त्याला पुढे करावं आणि कान, वाचा, वाढ तपासून घ्यावी. त्या पथकाची वाट पाहण्यात महिने जाणार असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्राकडे चिठ्ठी द्यावी. ‘प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकतं’ हे वाक्य मला अतिशय प्रिय आहे आणि त्याच्याआड लपून बहिऱ्या मुलांची अनमोल वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत. निरीक्षण करणाऱ्याला हा फरक ओळखावाच लागतो.

काही जण दुसऱ्या टोकाने हरकत घेतात. मूल खेळतंय, खेळू द्या, त्याच्या प्रत्येक हालचालीवर नियोजन कशाला? या हरकतीत तथ्य आहे. मोंटेसरीबाईंनी रोममध्ये १९०७ साली सुरू केलेल्या बालगृहातला एक प्रसंग सर्वांना माहीत आहे. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे काढून आपापल्या भोकांत बसवण्यात इतकी गढली होती, की बाईंनी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं आणि भोवती मुलांना गायला लावलं तरी तिचं काम थांबलं नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केलं. बाईंनी त्यावरून मोठ्यांसाठी नियम काढला. एकाग्र झालेल्या मुलाच्या वाटेत यायचं नाही. ही पुढची पायरीच आहे, फक्त ती मागे सरण्याची आहे. कित्येकदा ‘मी उद्या’ने सुरू होणारं वाक्य असं पूर्ण व्हायला हवं, ‘मी उद्या तेच साहित्य तिथेच ठेवीन आणि काही बोलणार नाही.’ हेही ठरवून करावं लागतं. न ठरवता गप्प बसणं आणि पाहून गप्प बसणं यातला फरक मुलाला बरोबर कळतो, कारण दुसऱ्या प्रकारात साहित्य दुसऱ्या दिवशी जागेवर असतं.

शहरातल्या खासगी नर्सरीत आणि पाळणाघरात चित्र वेगळं आहे, रोग तोच. तिथे पालकांच्या मोबाइलवर दिवसाला दहा फोटो येतात, महिन्याला तारे आणि हसरे चेहरे काढलेलं पत्रक येतं. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करायला लावणारी दुरुस्ती २०१७ साली कायद्यात झाली, ते फार चांगलं झालं. पाळणाघरातून संध्याकाळी चिठ्ठी मिळते, दूध किती प्यायलं, किती वेळ झोपलं, लंगोट किती वेळा बदलला. आईला हे हवंच. पण अकरा महिन्यांचं बाळ आज स्टुलाला धरून उभं राहिलं आणि शेजारच्या खुर्चीकडे हात नेऊन परत बसलं, हे कोणी पाहिलं असेल तर उद्या ती खुर्ची वीतभर जवळ सरकवायला हवी. परवा पुन्हा थोडी लांब. या वीतभर अंतरात पाळणाघराची सारी विद्या आहे, आणि ती विद्या असलेल्या बाईंना आपण अजून ‘सांभाळणारी’ म्हणतो.

पालकांना माझी विनंती आहे. संध्याकाळी मुलाला घ्यायला गेलात की ‘आज काय शिकवलं?’ हा प्रश्न सोडून द्या. या प्रश्नापायी शाळा तुम्हाला दाखवण्यासारखं काहीतरी तयार करत बसते. ‘आज कशात रमला होता?’ असं विचारा, आणि घरी तो कशात रमतो ते ताईंना सांगा. तुमचं मूल स्वयंपाकघरात डाळीचे डबे ओळीने मांडतं, ही बातमी ताईंच्या कामाची आहे.

आणि मुख्यसेविकांना, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना सांगणं आहे. तुमच्या हाताखाली राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या चालतात. तुम्ही जे तपासता तेच तिथे होतं. पुढच्या भेटीत नोंदवही उघडण्याआधी ताईंना आणि मावशींना विचारा, ‘काल काय दिसलं, आणि त्यावरून आज इथे काय वेगळं ठेवलंत?’ ताईंनी उत्तरादाखल उंबऱ्याकडे बोट केलं आणि तिथे पागोळीखाली एक वाटी, एक करवंटी आणि दोन डबे मांडलेले दिसले, तर भेटवहीत तेवढंच लिहा आणि खाली सही करा.